केकचा भाव आणि हाताची मजुरी

आमच्या धाकट्या जावेने रमजान ईदनंतर घरी केक करून विकायला सुरुवात केली. दिरांचे गॅरेजमधले काम सुटले होते, दोन मुलांची फी तोंडावर होती आणि तिच्या हाताला चव होती. एवढेच भांडवल. पहिला एक किलोचा चॉकलेट केक मोहल्ल्यातल्याच एका अकिक्याला गेला. "भाबी, किती घेऊ?" तिने विचारले. आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितले, ३५०. कशावरून? बेकरीत साडेसहाशेला मिळतो, आपला तर घरचाच, म्हणून ३५०! शाळेत वर्षानुवर्षे नफा-तोटा शिकवून घरात आम्ही असा हिशेब केला.

दोन महिन्यांत पंचवीस-तीस केक गेले. तारीफ भरपूर झाली, डब्यात पैसे मात्र साठेनात. मग एका रविवारी आम्ही वही आणि किराण्याच्या पावत्या घेऊन बसलो.

एक किलोच्या केकला मैदा, साखर, तेल, कोको मिळून ५५ रुपये. चार अंडी २८. व्हिपिंग क्रीम ४०० ग्रॅम, ९५. वरचे चॉकलेट ६०. डबा, खालचा पुठ्ठा, मेणबत्ती आणि प्लास्टिकची सुरी ४५. हे तर आम्ही कधी मोजलेच नव्हते. ओव्हन-फ्रिजची वीज अंदाजे १७. झाले ३००. उरलेल्या पन्नासातले ४० रिक्षावाल्याला, कारण स्कूटरवरून नेलेला एक केक गतिरोधकावर कलंडला होता. म्हणजे मोजमाप, भाजणे, क्रीम फेटणे, सजावट आणि शेवटी भांडी घासणे, या चार तासांचे हातात १० रुपये. जाऊ काही बोलली नाही. वहीकडे बघत बसली.

शेजारी शिलाई करणाऱ्या एक आपा आहेत. कापड गिऱ्हाईकाचे, अस्तर गिऱ्हाईकाचे, तरी ब्लाऊजची शिलाई त्या ठणकावून घेतात आणि कुणी कुरकुरत नाही. केकमध्ये मात्र सामानाचे पैसे सगळ्यांना दिसतात, हात दिसत नाहीत. म्हणून आम्ही तासाला ६० रुपये धरले, चार तासांचे २४०. ओव्हन आणि बीटर १२,००० ला पडले होते. ४०० केक निघतील असे धरून प्रत्येकी ३०. फुटलेले अंडे, बिघडलेले क्रीम यांसाठी १५. बेरीज ५८५. त्यावर ६५ नफा. मजुरी आणि नफा वेगळे ठेवायचे, हे जावेला पटवायला वेळ लागला. मजुरी तिची, नफा धंद्याचा. त्यातूनच पुढे फिरता स्टँड आणि नवे नोझल आले. भाव ठरला ६५०, रिक्षा वेगळी. घरून खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणीही लागते. छोट्या धंद्याला तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये, तेवढ्यासाठी टाळू नये.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट हिशेबात येते. तयार फाँडंटमध्ये जिलेटिन असू शकते. हलाल शिक्क्याचे किंवा जिलेटिन नसलेले शोधायचे तर कधी जास्त पैसे पडतात, शहरात खेप होते ती वेगळीच. हा फरक गिऱ्हाईकाला आधीच सांगून लावावा. कारण कळले की लोक देतात.

खरी परीक्षा नातेवाइकांची. "घरचीच आहेस, आमच्याकडून काय घेतेस?" असे म्हणणाऱ्या खाला प्रत्येक घरात असतात. आम्ही ठरवले की अर्धा भाव कुणालाच नाही. ज्यांना द्यायचे त्यांना अख्खा केक तोहफा म्हणून द्यायचा, तोही महिन्याला एकच. बाकी सगळ्यांना ६५०, आणि निम्मे पैसे आगाऊ. भाव वाढल्यावर अकरा नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी चौघे तुटले. एक खाला अजून अबोला धरून आहेत. पण महिन्याला पंधराऐवजी नऊ केक करूनही या वेळी मुलांची फी वेळेवर भरली गेली, आणि जुम्याची दुपार जावेला मोकळी मिळू लागली.

फाँडंटच्या बाहुलीचा भाव मात्र अजून आम्हाला जमलेला नाही. परवा एका बिस्मिल्लाहच्या केकवर रिहल आणि किताब करायला तिला अडीच तास लागले, आणि सांगून बसली होती १०० रुपये.