बराकीतले सचिवालय

जयपूरच्या सी-स्कीममध्ये, स्टॅच्यू सर्कलपासून हाकेच्या अंतरावर राजस्थान सरकारचे सचिवालय आहे. बदल्या, निविदा आणि फायली यांचा हा मुलूख. इमारतीचे जुने नाव मात्र भगवंतदास बॅरॅक्स. जयपूर संस्थानाच्या पलटणींसाठी ती बांधली होती. शिपाई गेले आणि कारकून आले.

संस्थानाचे सैन्य नक्की कोणाचे, हा घोळ जुनाच. 1889पासून इंग्रजांनी इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्सची योजना राबवली. माणसे आणि पगार राजाचा, तपासणी इंग्रज अधिकाऱ्याची आणि लढाई साम्राज्याची. जयपूरच्या वाट्याला आली ट्रान्सपोर्ट कोअर, म्हणजे तट्टे आणि गाड्या. वाळवंटाच्या कडेचे हे लोक 1895 साली चित्रालच्या डोंगरांत रसद ओढत होते. पुढे जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांनी सवाई मान गार्ड्स ही पायदळ पलटण उभी केली. ती त्यांची खास लाडकी.

30 मार्च 1949 रोजी राजस्थान संघ झाला आणि मानसिंह राजप्रमुख, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख झाले. विलीनीकरणाच्या करारात सैन्य बाळगण्याचा अधिकार राजप्रमुखांकडे ठेवला होता, पण दिल्लीच्या आदेशांच्या अधीन. राज्यघटनेच्या अनुच्छेद 259ने तीच गोष्ट दोन कलमांत सांगितली. पहिल्याने भाग ‘ब’ राज्यांना, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांतून झालेल्या राज्यांना, आपले सैन्य तूर्त सांभाळू दिले. दुसऱ्याने तेच सैन्य संघराज्याच्या सशस्त्र दलांचा भाग ठरवले. राज्याने पोसायचे आणि हुकूम दिल्लीचा! माझ्या मते हा घटनाकारांचा गोंधळ नव्हता. राजेलोकांचा मान राखून त्यांच्या हातातली तलवार काढून घेण्याची ती सभ्य रीत होती. 1 एप्रिल 1950ला या राज्यांचे आर्थिक एकीकरण झाले, लष्कराचा खर्चही केंद्राने उचलला आणि उरलासुरला वाद मिटला.

यानंतर छाननी झाली. निवडलेले जवान आणि अधिकारी भारतीय सैन्यात आले, बाकीचे घरी गेले. सवाई मान गार्ड्सची 17 राजपुताना रायफल्स (सवाई मान) झाली. घोडदळांचे काय करायचे हा प्रश्न उरला. 1953 साली ग्वाल्हेरला जयपूरचा कछवाहा हॉर्स, शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स, म्हैसूर आणि इतर संस्थानांचे स्वार एकत्र करून नवी घोडेस्वार रेजिमेंट बांधली. तीच 61 कॅव्हलरी. तिचे ठाणे पुढे जयपूरला आले. प्रजासत्ताकदिनी कर्तव्य पथावर (पूर्वीच्या राजपथावर) दिसणारे ते घोडे हेच. एरवी पोलोत तिचा दबदबा.

मराठी वाचकाला एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. कोल्हापूर 1949च्या मार्चमध्ये आणि बडोदे मे महिन्यात मुंबई प्रांतात विलीन झाले. मुंबई भाग ‘अ’ राज्य, म्हणून तिथे 259चा प्रश्नच आला नाही. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्सचे जवान मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. ग्वाल्हेर आणि इंदूर मात्र मध्य भारत या भाग ‘ब’ राज्यात होते. तिथे राजप्रमुख जिवाजीराव शिंदे. होळकरांच्या पायदळाची आज 15 कुमाऊँ ही ओळख.

1 नोव्हेंबर 1956 रोजी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. त्या एकाच दिवशी राजप्रमुखपदही गेले आणि अनुच्छेद 259ही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी आर्कान्सासच्या गव्हर्नरने राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड केंद्राच्या हुकमाखाली घेतले. एकाच फौजेचे दोन धनी ही व्यवस्था तिथे अजून चालू आहे आणि कोर्टकज्जेही.

आपल्याकडे राज्यांच्या हाती पोलीस, सशस्त्र पोलीस आणि होमगार्ड एवढेच उरले. राजस्थानची सीमा तर 1965पर्यंत राज्याची सशस्त्र पोलीसदलेच राखत. डिसेंबरात सीमा सुरक्षा दल झाले आणि तेही काम केंद्राकडे गेले. आज जयपुरात दंगल आटोक्याबाहेर गेली तर सचिवालयातून लष्कराला हुकूम सुटत नाही; प्रशासनाला लष्कराची मदत मागावी लागते आणि आलेली तुकडी आपल्याच अधिकाऱ्याच्या आज्ञेत राहते.