दाभोळची वीज महाग का पडली?

दाभोळ वीज प्रकल्प दाभोळमध्ये नाही. दाभोळ वाशिष्ठी नदीच्या उत्तर काठावर, दापोली तालुक्यात; प्रकल्प समोरच्या काठावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर. एन्रॉनने नाव मात्र जुन्या बंदराचे घेतले. सरकारी धोरणाने बाजार कसा घडतो आणि कसा बुडतो, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण आम्हाला दिसत नाही. शिवाय त्याचे पैसे आपण सर्वांनी भरलेले आहेत.

१९९१ साली केंद्र सरकारने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी दिली. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे अधिकारी आले आणि काही दिवसांतच महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नाही. ही वीज महाग पडेल आणि मंडळाला ती पेलवणार नाही, असे सांगत जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज द्यायला नकार दिला. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार झाला.

खरी मेख या करारात होती. ती समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका बचत गटाने मिरची कांडपाचे यंत्र भाड्याने घेतले. अटी अशा : कांडायला मिरची येवो न येवो, महिन्याचे भाडे द्यायचे. भाडे डॉलरच्या भावाने. डिझेल महागले तर तो भारही गटाचाच. गटाने थकवले तर ग्रामपंचायत भरेल, तिने थकवले तर जिल्हा परिषद भरेल, असा जामीन. यंत्राच्या मालकाला तोटा होण्याची वाटच उरली नाही. इथे गटाच्या जागी वीज मंडळ, ग्रामपंचायतीच्या जागी राज्य सरकार आणि जिल्हा परिषदेच्या जागी केंद्र सरकारची प्रतिहमी ठेवा.

१९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून पुन्हा केला. गंमत म्हणजे आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा या नव्या करारात मंडळाच्या गळ्यात पडला. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, दुसरा १४४४. केंद्राच्या प्रतिहमीवर मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता शिक्कामोर्तब केले. विरोधात कोण नव्हते आणि सहीत कोण नव्हते, हे शोधावेच लागते.

मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर वीज सुरू झाली. नाफ्था महागला. करार झाला तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४७ च्या आसपास गेला. मंडळाची वसुली रुपयात आणि देणे डॉलरच्या हिशेबात. दाभोळची वीज इतर केंद्रांपेक्षा कितीतरी महाग, म्हणून ती घेणे परवडेना. न घेतली तरी भाडे चुकेना. बिले थकली, हमीवर बोट ठेवले गेले, आणि मे २००१ मध्ये यंत्रे थांबली. माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील प्रशासकीय अपयशावर नेमके बोट ठेवले. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले.

पुढची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन चालू होते आणि समुद्रकाठी हजारो कोटींचा प्रकल्प गंजत होता. वीज कमी नव्हती, परवडणारी वीज कमी होती.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. वीज नुसती मुबलक असून भागत नाही, ती स्वस्त हवी. तरच उद्योग उभे राहतील आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी होईल, असा त्यांचा आग्रह होता. दाभोळच्या करारात किती मेगावॅट हे मोजले गेले, कोणाला परवडेल हे नाही.

स्थानिकांचा हिशेब वेगळाच. जमीन गेली, मासेमारीवर परिणाम होईल अशी भीती होती, म्हणून लोकांनी विरोध केला. जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे वेलदूरच्या कोळी वस्तीत शिरून बायकांना मारहाण करत पकडून नेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल काढले. बांधकामावर हजारो कामगार होते तोवर भाड्याच्या खोल्या आणि खानावळी चालल्या. काम थांबले तसा तो बाजारही उठला.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने नवी कंपनी झाली, २००६ मध्ये वीज पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये देशी वायू आटला, प्रकल्प पुन्हा बंद. २०१५ पासून रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज मिळू लागली. जवळच्या एलएनजी टर्मिनललाही लाटा अडवणारा बांध नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोकणात पावसाळा येतो, हे कोणाला नव्याने कळले होते?

याच खाडीवर २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. पूर्वी गाडीने पलीकडे जायचे तर खेड-चिपळूणला वळसा घालावा लागे. आता दुचाकी, आंब्याच्या पेट्या, मासळीचे टेम्पो, शाळेची मुले काही मिनिटांत पलीकडे उतरतात आणि तिकिटाचे पैसे तिथल्या तिथे रुपयांत चुकते होतात.