पिसांचा मासा

ट्राउट मासा लहानपणी किडे खातो. थोराड झाला की छोटे मासेही गिळतो. म्हणून मोठ्या ट्राउटसाठी गळावर पिसांचा नि केसांचा मासाच बांधतात. त्याला म्हणतात स्ट्रीमर. कॅनडातल्या निपिगॉन नदीवर १९३०च्या दशकात डॉन गॅपेन यांनी असाच ‘मडलर मिनो’ बांधला. अंगाला टर्कीची पिसे, डोक्याला हरणाचे केस. हे केस पोकळ असतात. दोरा आवळला की फुलतात. ते कातरले की तळाशी राहणाऱ्या माशासारखे रुंद डोके तयार होते. स्ट्रीमर प्रवाहात आडवा फेकायचा, दोरी ओढायची, क्षणभर थांबायचे. झडप पुष्कळदा त्या थांबण्यातच पडते. दमलेली शिकार सोपी ना! मासा परत सोडणार असाल, तर गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाका. फसवणूक आपली, त्याला खोल जखम कशाला?