डुकराच्या पिलांनाही ऊन लागतं

भिवापूरची मिरची ज्या उन्हात वाळते, त्याच उन्हात मोकळं हिंडणारं डुकराचं पिल्लू आपल्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतं, अगदी माणसासारखं. पत्र्याच्या शेडमध्ये वाढणाऱ्या पिलाला ते जमत नाही. उजेड कितीही असला तरी ऊन थेट अंगावर पडावं लागतं. आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व फार थोडं. मग खाद्यातलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, पाय वाकतात, सांधे सुजतात, पिल्लू लंगडतं. हा मुडदूस.

लागतं किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये ५ ते ११ किलो वजनाच्या पिलांसाठी किलोभर खाद्यामागे २२० युनिट सांगितली. डॉक्टर आपल्याला देतात ती ६०,००० युनिटची एक पुडी या हिशेबाने सुमारे २७० किलो खाद्याला पुरते! म्हणून घरातली पुडी पाटीभर खाद्यात कालवू नका. जादा ‘ड’ चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि ते मूत्रपिंडात, हृदयात साचतं. तयार खाद्यात बहुधा ‘ड’ मिसळलेलं असतं; पोत्यावरचं लेबल आधी वाचा, शंका असेल तर पशुवैद्यकाला विचारा.

शेडला लागून छोटं उघडं अंगण ठेवता आलं तर उत्तम. मे महिन्यात मात्र तिथे सावली आणि पाणी हवंच. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही.