मस्की कोठे गळाला लागतो?

कामगार चळवळीत उभा जन्म घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत मासे पकडण्यावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण हक्काची सुटी मिळाल्यावर कष्टकरी माणूस ती कोठे आणि कशी घालवतो, हा प्रश्न आमच्या दृष्टीने मजुरीच्या दराइतकाच मोलाचा आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात पुष्कळ लोक ती तळ्याकाठी घालवतात. तेथे ज्या माशाची सर्वांत जास्त मनधरणी चालते तो मस्की. १९५५ साली त्या राज्याने त्याला आपला राज्यमासा ठरवले.

मस्केलंज हे त्याचे पुरे नाव. ते तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेवरून आले आहे, आणि या लोकांशी आपली गाठ पुढे पडणारच आहे. अंग लांबट, तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे आणि दातांनी खच्चून भरलेले. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागतो, असे तिकडचे लोक म्हणतात. यात अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

म्हणून जागा निवडणे हाच निम्मा खेळ आहे. आपल्याकडची मरळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. मरळ भक्ष्यामागे तळेभर धावत नाही; शेवाळात दबा धरून बसते आणि बेडूक टप्प्यात आला की झडप घालते. मस्कीचीही रीत तीच. तेव्हा त्याला शोधायचे ते काठावर. जमिनीचा काठ नव्हे, पाण्यातला काठ. पाणवनस्पतींची दाटी जेथे संपते आणि खोल पाणी सुरू होते ती रेघ, पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्याची कड, बुडालेल्या झाडांचे बुंधे, दोन बेटांमधली अरुंद वाट. आठ-बारा फूट पाण्यातली वनस्पतींची कड ही उन्हाळ्यातली हुकमी जागा.

ऋतूप्रमाणे ही जागा सरकते. बर्फ वितळल्यावर मासा उथळ खाडीत अंडी घालतो. उत्तर भागात मेअखेर हंगाम उघडतो तेव्हा तो त्याच ऊबदार पाण्याजवळ रेंगाळत असतो, आणि तेव्हा लहान आमिष चालते. जुलै-ऑगस्टात पहाट, सांज आणि रात्र बरी. पाणी सत्तावीस अंश सेल्सियसच्या वर गेले की जाणते लोक गळ घरीच ठेवतात, कारण एवढ्या उष्ण पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो. सर्वांत मोठे मासे ऑक्टोबरात, गार पाण्यात, तीव्र उताराच्या कडेला लागतात. आणखी एक गोष्ट. हा मासा आमिषामागोमाग थेट नावेपर्यंत येतो आणि नुसते पाहून परत जातो. म्हणून आमिष वर काढण्यापूर्वी गळाच्या काठीने नावेलगत पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढतात. कित्येक मासे त्या शेवटच्या वळणावरच लागतात.

आता गावे घेऊ. हेवर्ड हे मस्कीचे पंढरपूर. तेथे मासेमारीचे एक संग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात १४३ फूट लांबीचा मस्की उभारला आहे. त्याच्या पोटातून चढून जबड्यात उभे राहता येते. जवळच लकूडरे तळे आणि चिप्पेवाचा विस्तीर्ण जलाशय. १९४९ साली या दोन पाण्यांतून दोन जागतिक उच्चांक निघाले, जुलैत ६७ पौंड ८ औंसांचा आणि ऑक्टोबरात ६९ पौंड ११ औंसांचा. दुसऱ्याच्या खरेपणाबद्दल अजून भांडण चालू आहे. एक संस्था पहिला मानते, दुसरी दुसरा.

चिप्पेवाच्या जलाशयात मासा का टिकतो, हे समजून घेण्याजोगे आहे. हा धरणाचा फुगवटा आहे. त्याने कित्येक तळी पोटात घेतली. नद्यांची जुनी पात्रे, उभी झाडे, टेकड्यांची झालेली बेटे, तरंगती दलदल, सगळे आत आहे. म्हणजे मैलोगणती काठ. जुन्या पात्राची कड शोधा, असा सल्ला तेथे देतात, आणि तो बरोबर आहे.

पण त्या पात्राकाठी माणसे राहत होती. १९२३ साली एका वीज कंपनीचे हे धरण भरले तेव्हा ओजिब्वेंचे गाव, कबरी आणि पाण्यात आपोआप उगवणाऱ्या भातासारख्या धान्याची त्यांची शेते बुडाली. त्यांची संमती नव्हती. कबरी हलवण्याचे वचनही पुरे पाळले गेले नाही. याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर विजेसाठी होणाऱ्या धरणाशी झगडत होते. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. वीज मात्र दोन्हीकडे दुसऱ्यांकडेच गेली. पन्नास वर्षांचा परवाना संपला तेव्हा, १९७१ साली, ओजिब्वे आणि त्यांच्या साथीदारांनी त्या धरणावर ठाण मांडले.

माशांवरूनही झगडा झालाच. १९७४ साली याच जलाशयाच्या एका भागात, राखीव हद्दीबाहेर, भाल्याने मासे मारल्याबद्दल दोघा ओजिब्वे भावांवर खटला भरला गेला. १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमीन देताना शिकारीचा व मासेमारीचा हक्क आम्ही राखला होता, असे त्यांचे म्हणणे. १९८३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने ते मान्य केले. पुढे काही वर्षे वसंतात नावा सोडण्याच्या धक्क्यांवर जमाव जमून त्यांना शिव्या आणि दगड मिळाले. मासे संपतील, ही ओरड होती. वास्तविक जमातींचा वाटा तळ्यागणिक मोजून ठरतो. लेखी कराराची किंमत काय असते, हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी सांगायला नको.

नद्यांत फ्लँबो आणि चिप्पेवा उत्तम. तेथे मासा बहुधा लहान, पण संख्येने बरा. धरणाखालचे डोह, खडकामागचे संथ पाणी आणि ओढ्यांची मुखे पाहावीत. पूर्वेला ग्रीन बे ही मिशिगन सरोवराची खाडी. येथला मस्की अतोनात मासेमारी आणि घाण पाण्याने नाहीसा झाला होता. १९८९ पासून पिल्ले सोडून तो परत आणला. आज प्रचंड मासे तेथे मिळतात. पण खाडीला मिळणाऱ्या फॉक्स नदीत कागद गिरण्यांनी १९५४ ते १९७१ पर्यंत सोडलेले विषारी रसायन तळाच्या गाळात बसले. ते काढण्याचे काम २०२० पर्यंत चालले. तेथला मासा खाण्यापूर्वी आरोग्य खात्याची सूचना वाचावी लागते.

ज्याच्यापाशी नाव नाही आणि एकच दुपार मोकळी आहे, त्याने राजधानी मॅडिसन गाठावी. अमेरिकेतील सरकारी नोकरांच्या एका मोठ्या संघटनेचा जन्म १९३२ साली याच शहरात झाला, हे जाता जाता. शहरातच विंग्रा नावाचे लहान, उथळ, वनस्पतींनी भरलेले तळे आहे आणि त्यात मस्की भरपूर आहेत.

राज्याचा सर्वसाधारण नियम चाळीस इंचांचा. त्याहून लहान मासा ठेवता येत नाही, आणि मोठाही दिवसाला एकच. बहुतेक लोक तोही सोडून देतात. काटा खोल रुतला असेल तर ओढू नये, पकडीने तोडावा. मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. शेपटीशी धरून पाण्यात सरळ उभा ठेवावा आणि तो आपल्या बळाने हात झटकीपर्यंत थांबावे.