मेकॅनोने सोडवलेली समीकरणे

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आता अ‍ॅनालॉग चिप येणार, विजेची प्रचंड बचत होणार, अशा बातम्या अधूनमधून झळकतात. त्या वाचून एका वाचकाने विचारले आहे की अ‍ॅनालॉग संगणक नेमका चालतो कसा? चिपचे काय व्हायचे ते होवो, जाहिरातीतल्या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. पण या प्रश्नाचे उत्तर शोधायला 1934 सालच्या मँचेस्टर विद्यापीठासारखी जागा नाही. तिथे डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मुलांच्या मेकॅनोतल्या पट्ट्या, दांडे आणि दातेरी चाके जोडून अवकल समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. खर्च आला सुमारे 20 पौंड.

हार्ट्रींना हवे होते अणूतल्या इलेक्ट्रॉनांचे गणित. एका इलेक्ट्रॉनवर बाकी सगळ्यांचा सरासरी प्रभाव गृहीत धरायचा, समीकरण सोडवायचे, उत्तरावरून प्रभाव नव्याने काढायचा आणि दोन्ही जुळेपर्यंत हेच करत राहायचे. वडील विल्यम हार्ट्री टेबलावरच्या गणकयंत्रावर मुलाची ही आकडेमोड करून देत. (पितृप्रेमाचा असा नमुना विज्ञानाच्या इतिहासात विरळाच!) अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेव्हार बुश यांनी 1931 मध्ये अशी समीकरणे सोडवणारा यांत्रिक ‘डिफरन्शियल अ‍ॅनलायझर’ पूर्ण केला होता. त्याचे फोटो पाहून हार्ट्रींना थेट मेकॅनोच आठवला.

यंत्राचा गाभा साधा आहे. एक आडवी तबकडी फिरते आणि तिच्यावर एक छोटे चाक टेकलेले असते. चाक मध्यावर असेल तर ते ढिम्म हलत नाही. कडेकडे सरकवावे तसे वेगाने फिरते. तबकडी क्ष इतकी फिरली आणि दरम्यान चाकाचे मध्यापासूनचे अंतर य बदलत गेले, तर चाकाचे एकूण फिरणे म्हणजे य चे क्ष च्या संदर्भात समाकलन. इथे आकडे कुठेच नाहीत, दांड्याचे फिरणे हीच राशी. आता गंमत पाहा. चाकाच्या फिरण्यानेच ते अंतर बदलेल अशी जोडणी केली, की यंत्र घातांकी वक्र काढू लागते. अशा दोन तबकड्या एकमेकींना जोडल्या आणि एका दुव्यात दिशा उलटवली, की साइन वक्र मिळतो.

हे सारे लॉर्ड केल्व्हिन यांनी 1876 मध्येच लिहून ठेवले होते. समाकलनाचे मूळ साधन मात्र त्यांचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांचे. धाकट्याच्या कीर्तीपुढे या इंजिनिअर भावाचे नाव झाकोळले, हे मला नेहमी खटकते. मग पन्नास-पंचावन्न वर्षे काम अडले कुठे? तबकडीवर नुसत्या घर्षणाने फिरणारे चाक पुढची दातेरी चाके ओढू शकत नाही. जोर लावला की ते घसरते, आणि घसरले की उत्तर चुकते.

अडचण सोडवली बेथलहेम स्टील कंपनीतल्या नीमन यांच्या टॉर्क अ‍ॅम्प्लिफायरने. धक्क्यावर बोट बांधताना खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देतो आणि मोकळे टोक हलकेच धरून अख्खी बोट रोखतो. तोच हा हिशेब. घर्षणांक पाव धरला तर प्रत्येक वेढ्याला ताण जवळपास पाचपट होतो, तीन वेढ्यांत शंभरपटीहून अधिक. खुंटाऐवजी मोटरने फिरणारा ड्रम घेतला, की चाकाच्या नाजूक इशाऱ्यावर जड दांडा हलू लागतो. समीकरणे सोडवणाऱ्या यंत्रांच्या कथेत बुश आणि केल्व्हिन यांचे नाव येते, या दोरवाल्याचे क्वचितच. माझ्या मते खरी कोंडी त्यानेच फोडली.

मेकॅनोच्या यंत्रातली चूक दोनेक टक्क्यांची असे. खेळण्याच्या मानाने उत्तमच! ते पाहून सर रॉबर्ट मॅकडुगल यांनी पैसे दिले आणि 1935 मध्ये मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सने बनवलेले मोठे यंत्र विद्यापीठात सुरू झाले. हार्ट्री रेल्वेवेडे होते. त्यामुळे अणूंसाठी आणलेल्या यंत्रावर त्यांनी आगगाड्यांच्या धावण्याच्या वेळाही काढल्या. केंब्रिजनेही आपले मेकॅनो यंत्र बनवले. ते पुढे न्यूझीलंडला गेले आणि आज ऑकलंडच्या मोटॅट संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पाण्यावर टप्पे घेणाऱ्या बॉम्बचे गणित त्यावरच झाले, असे हौशीने सांगितले जाते. त्याचा कागदोपत्री आधार डळमळीत आहे.

या यंत्रांना हरवले ते अचूकतेने. धातू कितीही घासूनपुसून घडवला तरी हजारात एकाच्या पलीकडे जाणे महागात पडते. आकडी यंत्रात मात्र आणखी एक अंक वाढवायचा तर थोडी जोडणी वाढवली की भागते. शिवाय समीकरण बदलले की इथे पाना घेऊन दांडे पुन्हा जोडत बसावे लागे. हे हार्ट्रींइतके कोणाला ठाऊक असणार? 1946 मध्ये अमेरिकेत एनिआक हा इलेक्ट्रॉनिक संगणक वापरायला मिळताच त्यांनी हवेच्या प्रवाहाचे एक गणित त्यावर घातले, आणि मायदेशी परतल्यावर इलेक्ट्रॉनिक संगणकांचा आग्रह धरला.