वादळाचा माग आकाशांतून



समुद्रांतलें वादळ किनाऱ्यास लागलें, कीं तें कोणालाहि दिसतें. प्रश्न असतो तो त्याच्या आधींच्या दोन-तीन दिवसांचा. तेव्हां तें किनाऱ्यापासून दूर असतें आणि त्याच पाण्यावर आपले मच्छीमार जाळीं टाकून बसलेले असतात. २००९ च्या नोव्हेंबरांत फयान नांवाचें वादळ कोंकण किनाऱ्यावर आलें, त्या वेळीं समुद्रांत गेलेले कित्येक मच्छीमार परत आलेच नाहींत. अशा लोकांना निरोप धाडावयाचा तर वादळ कोठें आहे, कोणीकडे चाललें आहे, आणि वाढतें आहे कीं विरतें आहे, या तीन गोष्टी आधीं कळल्या पाहिजेत.

पूर्वीं हें ज्ञान जहाजांच्या रोजनिश्यांतून मिळे. कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनीं अशा रोजनिश्या चाळून वादळांच्या चक्राकार गतीचा अभ्यास केला आणि १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांना ‘सायक्लोन’ हें नांव दिलें. परंतु या रीतींत एक विचित्र अडचण होती. वादळाची बातमी देण्यासाठीं कोणीतरी आधीं वादळांत सांपडावें लागे! ही अडचण दूर होण्यास आरंभ झाला तो १९६० सालीं. त्या वर्षाच्या १ एप्रिल रोजीं अमेरिकेनें टायरॉस हा हवामानाचा पहिला उपग्रह सोडला, आणि दहा दिवसांच्या आंत त्यानें ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील समुद्रांतल्या एका वादळाचें चित्र घेतलें. पुढल्याच वर्षीं अटलांटिक महासागरांतलें ‘एस्तेर’ वादळ उपग्रहाच्या चित्रांतच प्रथम आढळलें.

टायरॉस पृथ्वीभोंवतीं भराभर फिरत असे. तो एकदां वरून गेला, कीं परत येईपर्यंत वादळाचें काय झालें तें कळावयास मार्ग नसे. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेल्या उपग्रहाची प्रदक्षिणा मात्र पृथ्वीच्या स्वतःभोंवतींच्या फेऱ्याइतक्याच वेळांत पुरी होते. म्हणून तो आपल्याला एका जागीं खिळल्यासारखा वाटतो. १९८३ सालीं सोडलेला इन्सॅट-१बी हा अशाच जातीचा होता, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत सोडलेला इन्सॅट-३डीएस त्याच कुळांतला. असा उपग्रह दर अर्ध्या तासास चित्र देऊं शकतो. रात्रीं चित्र कसें निघतें, असें कोणी विचारील. ढगांतून बाहेर पडणारी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानें टिपली जाते. ढगाचा माथा जितका उंच, तितका तो थंड. मोठ्या वादळांत तो शून्याखालीं सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो.

शाळेंत भूगोल शिकवीत असतां मी फळ्यावर वादळाचें एक चित्र काढून, चार बाण ओढून मोकळा होत असें. तें शिकविणें अपुरें होतें, असें आतां वाटतें. एका चित्रावरून वादळ ओळखूं येतें, पण तें वाढीला लागलें आहे कीं उतरणीला, हें कळत नाहीं. त्यासाठीं कालचें चित्र शेजारीं हवें. अमेरिकेचे व्हर्नन ड्वोरॅक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत जी पद्धति बसविली, तिचें मर्म हेंच आहे. ढगांचा वांकडा पट्टा मध्यबिंदूभोंवतीं किती वेढे घेतो, डोळा उघडला आहे काय, डोळ्याची ऊब आणि भोंवतालच्या ढगांचा गारठा यांत अंतर किती, हें पाहून वादळाला १ पासून ८ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीनें एक अंक देतात. पण तो अंक कालच्या त्याच वेळच्या चित्राशीं ताडून पाहिल्यावांचून पक्का करीत नाहींत. नेमानें वाढणारें वादळ दिवसाला साधारण एक अंक चढतें. अडीच अंक झाला म्हणजे वारा ताशीं सुमारें ६५ किलोमीटरवर गेला असें धरतात आणि आपल्याकडे त्यास चक्रीवादळ म्हणतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा वारा मोजलेला नसतो, ताडलेला असतो. अमेरिकेंत विमानें वादळाच्या पोटांत शिरून प्रत्यक्ष मापें घेतात. आपल्या समुद्रांवर तसा नित्याचा परिपाठ नाहीं. त्यांतून कोंवळ्या वादळाचा मध्य पुष्कळदां ढगांच्या छताखालीं दडलेला असतो. तेथें जाणत्यांचेंहि अनुमान चुकूं शकतें. वादळ किनाऱ्याजवळ आलें म्हणजे मुंबई आणि गोवा येथील रडारांचें साहाय्य मिळतें. तोंवर भिस्त मुख्यतः चित्रांवर.

आणि भव्य चित्र म्हणजे मोठें संकट असेंहि नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबरांत रत्नागिरीसमोरच्या समुद्रांत क्यार वादळ उठलें. २७ तारखेस तें महाचक्रीवादळ झालें. अरबी समुद्रांत २००७ च्या गोनूनंतर तसें झालें नव्हतें. त्याचा तो वाटोळा डोळा पाहून छाती दडपे. परंतु तें पश्चिमेकडे वळलें आणि पुढें विरत गेलें. उलट २०२० चें निसर्ग वादळ शक्तीनें पुष्कळच उणें. १ जूनला गोव्याच्या नैर्ऋत्येस कमी दाबाचा पट्टा दाट झाला. आरंभीं उत्तरेकडे सरकून तें ईशान्येस वळलें, आणि ३ जूनला दुपारीं ताशीं ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानिशीं रायगडच्या किनाऱ्यावर चढलें. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ धरावयास वर्षें लागतात, तेव्हां ती हानि एका हंगामाची नव्हती. तें वळण एकट्या कोणत्याहि चित्रांत नव्हतें. त्या अडीच दिवसांतल्या शंभरांवर चित्रांचे मध्यबिंदु जोडले, तेव्हां तें रेषेंत उमटलें.

ही रेषा कोणालाहि ओढतां येईल. हवामान खात्याचीं चित्रें आतां सर्वांना पाहावयास खुलीं असतात. सहा तासांच्या अंतराचीं दोन घ्यावीं आणि मध्य किती सरकला तें त्यांवरील अक्षांशांच्या रेघांवर पाहावें. उत्तरेकडे एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. तेव्हां सहा तासांत एक अंश सरकला, तर वेग ताशीं अठरा किलोमीटरच्या आसपास. मात्र त्याच वेगानें, त्याच दिशेनें तें पुढें जाईलच असें धरून कोणीं होडी लोटूं नये. खात्याचा इशारा अनेक साधनांवरून निघालेला असतो, तोच प्रमाण मानावा. आणखी एक. चित्राच्या कडेला छापलेली वेळ बहुधा ग्रीनिचची असते. तींत साडेपांच तास मिळवावयास विसरूं नये, नाहींतर सकाळचें वादळ मध्यरात्रींचें समजाल.